रेव्हरंड जेम्स लाँग

जेम्स लाँग यांचा जन्म १८१४ सालीं आयर्लंडांत झाला. १८४० सालीं ते चर्च मिशनरी सोसायटीतर्फे कलकत्त्यास आले. त्या काळीं तेथील युरोपियन लोकांस देशाची हकीकत बहुधा इंग्रजी वर्तमानपत्रांतूनच कळे, आणि त्यांतील प्रमुख पत्रें निळीच्या मळेवाल्यांची कड घेत. लोकांचें मन लोकांच्याच भाषेंत वाचावें, असें लाँगसाहेबांचें मत होतें. म्हणून त्यांनीं १८५९ सालीं बंगाली छापखान्यांचा अहवाल सरकारास सादर केला.

१८६० सालीं दीनबंधु मित्र यांनीं ‘नीलदर्पण’ नाटकांत निळीच्या रयतेचे हाल दाखविले. लाँगसाहेबांनीं १८६१ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करविलें. दोन दैनिकें पैशाच्या आशेनें मळेवाल्यांची स्तुति करितात, असा त्याच्या प्रस्तावनेंत आरोप होता. यावरून बेअब्रूचा खटला होऊन लाँगसाहेबांस एक महिना कैद व एक हजार रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंह या बंगाली गृहस्थांनीं भरला. कैद मात्र साहेबांनीं स्वतः भोगली. १८८७ सालीं लंडनांत ते मरण पावले.

वाचकहो, एकाच पक्षाचें वर्तमान ऐकून मत ठरवूं नये. आणि दुसऱ्या पक्षाचें म्हणणें छापणाऱ्याचें तोंडहि बंद करूं नये.