यमूची गोष्ट लिहिणारे हरिभाऊ

मैत्रिणींनो, आमच्या नाशिकच्या द्वारका चौकातून महामार्गानं धुळं गाठायचं, तिथून जळगावकडे वळलं की पारोळा लागतं. याच गावात ८ मार्च १८६४ रोजी हरि नारायण आपटे जन्मले. (तारीख बघा, पुढे हाच महिला दिन झाला!) आई लहानपणीच गेली. पुढचं शिक्षण पुण्यात झालं. वाचनाचं वेड दांडगं, पण गणिताशी वाकडं, त्यामुळे पदवी काही पदरात पडली नाही. काकांनी काढलेल्या आनंदाश्रम संस्थेचा कारभार बघत त्यांनी लेखन केलं.

त्याआधीच्या मराठी कादंबऱ्यांत राजपुत्र, कपटी प्रधान आणि योगायोग यांचीच रेलचेल. हरिभाऊंनी संघर्ष थेट माजघरात आणला. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. पुढच्या अंकापर्यंत वाचक तिच्याच काळजीत!

मला वाटतं, खरी किमया इथं आहे. हरिभाऊ दुःखाचा नुसता रतीब घालत नाहीत. यमूला समजूतदार नवरा मिळतो, मुंबईत दोघांचा संसार सुरू होतो, तिला वाचनाची गोडी लागते. आता हिचं भलं होणार, असं आपण धरून चालतो. मग नवरा जातो आणि शंकरमामंजी तिचं जबरदस्तीनं केशवपन करवतात. आधी ते सुख दाखवलं नसतं, तर हा घाव इतका खोल गेला नसता. मालिका लिहिणाऱ्यांनी एवढं तरी शिकावं!

हे घरातलं भांडण बाहेरही पेटलेलं होतं. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यानं मुलींची वयोमर्यादा दहावरून बारा केली, तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ उठला होता. सभांमधल्या वादात मुली कुठंच नव्हत्या, यमू मात्र घराघरांत बोलत होती.

पुढे 'मी', 'उषःकाल' अशा कादंबऱ्या आल्या. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. ३ मार्च १९१९ रोजी ते गेले.

आमच्या द्वारकेच्या वाचनगटात ही कादंबरी वाचली, तेव्हा शंकरमामंजींवर सगळ्याच चिडल्या. पण जास्त वेळ वाद झाला तो यमूभोवती गप्प राहिलेल्या घरच्या बायकांवरून. एक जण म्हणाली, त्या तरी काय करणार होत्या? दुसरीला ते मुळीच पटलं नाही. संध्याकाळचे सात वाजले, घरी कुकर लावायचे होते, तरी कुणी उठेना.