बेचाळीस मीटरवरचा आवाज

सटाण्यात पावसाळी रात्री जुन्या रेडिओची सुई फिरवीत बसणाऱ्यास लघुलहरींवर तारयंत्राची टकटक आणि मनुष्यवाणी यांतला भेद कानानेच कळत असे. वाहक लहरीची उंची बदलून संदेश पाठविला आहे की तिची कंप्रता बदलून, हे ओळखण्याचे काम आता संगणक क्षणार्धात करतो. अनोळखी प्रक्षेपणाचा माग काढण्याची ती एक पायरी होय. लष्करास ही विद्या हवीच. पण तिची भरभराट पाहताना उषाबेन मेहता आठवतात.

सुरतजवळच्या सरस गावी २५ मार्च १९२० रोजी त्या जन्मल्या. वडील सरकारी न्यायाधीश, आणि कन्या मात्र आठव्या वर्षीच सायमन कमिशनविरोधी मिरवणुकीत! पुढे कुटुंब मुंबईस आले. विल्सन महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. कायद्याचा अभ्यास १९४२ च्या चळवळीत सुटला.

त्या ऑगस्टमध्येच ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू झाला. विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत व विठ्ठलभाई झवेरी हे सहकारी होते. राममनोहर लोहियांचे पाठबळ होते. वृत्तपत्रांना छापणे दुरापास्त झालेल्या आष्टी-चिमूरच्या वार्ता या केंद्राने दिल्या. आवाज साध्या रेडिओवर ऐकू यावा म्हणून लहरीची उंची बदलण्याची सर्वपरिचित रीतच वापरणे भाग होते. साहजिकच पोलिसही तो ऐकत व टिपून घेत. लपविता येण्याजोगे होते ते केवळ ठिकाण. म्हणून यंत्र या घरातून त्या घरात हलत राहिले, आणि पोलिसांच्या शोधक गाड्या शहरभर फिरत राहिल्या. सुमारे तीन महिने हा लपंडाव चालला. अखेर घात केला तो यंत्राने नव्हे. आपल्याच तंत्रज्ञाने पोलिसांना वाट दाखविली. १२ नोव्हेंबर रोजी दार फुटेपर्यंत उषाबेनांनी प्रक्षेपण थांबविले नाही. आजच्या साधनांपुढे ते तीन महिने त्यांना लाभले असते काय, याची शंकाच आहे.

पुढे कित्येक महिने चौकशी झाली. त्यांनी तोंड उघडले नाही. चार वर्षांची शिक्षा येरवड्यास भोगत असता मार्च १९४६ मध्ये सुटका झाली. प्रकृती ढासळलेली होती. तरीही गांधीविचारावर प्रबंध लिहून त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविले व १९८० मध्ये निवृत्ती घेतली. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००० सालच्या क्रांतिदिनाच्या कार्यक्रमास त्या अंगात ताप असताना गेल्या. दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्यांचे निधन झाले.