डॉ. अल्झायमर : आडनावामागचा माणूस

हल्ली कोणाच्या घरी चौकशीला गेले की मधुमेह, रक्तदाब यांच्या जोडीने अल्झायमर हा शब्दही सहज कानावर पडतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तो आपल्या घरांत नव्हता. तेव्हा म्हातारचळ हा शब्द होता आणि साठी बुद्धी नाठी ही म्हण होती. वय झाले की डोके चालेनासे होते, त्यात विशेष ते काय, अशी सगळ्यांचीच समजूत. ज्या जर्मन डॉक्टरने सूक्ष्मदर्शकावर जन्मभर वाकून ही समजूत तपासायला घेतली, त्याचे हे आडनाव. आज ते एकाच आजाराला चिकटले आहे. त्यांच्या संशोधनाची उमेदीची वर्षे मात्र दुसऱ्याच दोन दुखण्यांवर खर्च झाली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. मला तर वाटते, आपल्यासारख्यांच्या कामाचा भाग तोच आहे.

आलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट या माइन नदीकाठच्या छोट्या गावी झाला. वडील नोटरी होते. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब आशाफेनबुर्गला आले आणि तेथून पुढे बर्लिन, वुर्झबुर्ग, ट्युबिंगेन असे आलॉइसचे वैद्यकीचे शिक्षण झाले. विद्यार्थिदशेत त्या काळच्या जर्मन रिवाजाप्रमाणे तलवारबाजीही झाली. तिचा व्रण डाव्या गालावर जन्मभर राहिला. १८८७ साली त्यांनी डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला, तो कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर! पुढे मेंदूचे नाव काढले की ज्यांचे नाव निघावे, त्यांची सुरुवात कानापासून झाली.

१८८८ च्या डिसेंबरात, चोविसाव्या वर्षी, ते फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या व अपस्माराच्या रुग्णांच्या इस्पितळात रुजू झाले. इमारत एखाद्या गढीसारखी असल्याने गावकरी तिला वेड्यांचा वाडा म्हणत. रुग्णाला जखडून ठेवणे ही त्या काळी सर्वत्र चालणारी रीत होती. इस्पितळाचे प्रमुख एमिल सिओली यांना ती मान्य नव्हती, आणि नवा डॉक्टरही त्याच मताचा निघाला. कोंडून घालण्याऐवजी कोमट पाण्याची दीर्घ स्नाने, बागेत फिरणे आणि मुख्य म्हणजे रुग्णाशी बोलणे, असा क्रम सुरू झाला. अल्झायमर रुग्णांशी तासन्‌तास बोलत आणि बोलणे जसेच्या तसे टिपून ठेवत. दुसऱ्याच वर्षी फ्रान्झ निस्ल हे त्यांचे जोडीदार म्हणून आले. मेंदूच्या पातळ कापांना रंग देऊन त्यातली एकेक पेशी उठून दिसेल अशी युक्ती निस्ल यांनी शोधली होती. दिवसा रुग्ण आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शक, असा दोघांचा दिनक्रम सुरू झाला. जिवंतपणी माणूस कसा बोलला-वागला आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत काय दिसले, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायच्या, ही अल्झायमर यांची पद्धत येथे पक्की झाली.

त्या काळी युरोपातल्या अशा इस्पितळांत बुद्धी गमावलेल्यांचा एक मोठा गट होता तो उपदंशाच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणत त्या रोगाच्या, रुग्णांचा. लागण झाल्यावर दहा-वीस वर्षांनी, माणूस ऐन कर्तेपणात असताना, हा रोग मेंदूत डोके वर काढी. आधी बढाया, मग बोबडे बोलणे, मग विसर आणि शेवटी लुळेपणा. दुसरा गट होता रक्तवाहिन्या कठीण झालेल्यांचा. वरवर पाहता दोघेही सारखेच भ्रमिष्ट. अल्झायमर यांनी मेंदूच्या कापांतून फरक दाखवला. उपदंशात दाह सगळीकडे पसरलेला दिसे. धमनीकाठिण्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होत, आतली वाट अरुंद होई आणि त्या वाहिनीवर पोसणारा मेंदूचा तेवढाच तुकडा उपाशी मरे. शेजारचा धडधाकट राही. म्हणून अशा रुग्णाचे काही जाते, काही शाबूत राहते, आणि आपले काही तरी हरवत आहे याची जाणीव त्याला पुष्कळ दिवस असते. १८९४ पासून पुढची काही वर्षे त्यांनी या विषयावर निबंध वाचले. ओटो बिन्सवांगर हे स्विस वैद्य त्याच सुमारास याच वाटेवर होते. उपदंशावरचा मोठा प्रबंध अल्झायमर यांनी १९०४ साली म्युनिक विद्यापीठाला सादर केला.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे काम सुरू झाले तेव्हा रक्तदाब मोजण्याचा आज आपल्या ओळखीचा दंडपट्टा नव्हता. तो इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली काढला. दाब उतरवणारे खात्रीचे औषध नव्हते. इन्शुलिन यायलाही पाव शतक होते. रोग कसा मेंदू पोखरतो हे दिसत होते आणि हातात करण्यासारखे काही नव्हते.

घरची हकीकत थोडक्यात अशी. १८९४ साली त्यांनी एका हिरेव्यापाऱ्याच्या विधवेशी, सेसिली यांच्याशी, लग्न केले. तीन मुले झाली. १९०१ च्या फेब्रुवारीत सेसिली वारल्या. आलॉइस यांची बहीण एलिझाबेथ घरी येऊन राहिली आणि तिने मुलांना वाढवले. मोठ्या शास्त्रज्ञांच्या चरित्रांत अशा बहिणी एका ओळीत येतात आणि जातात. येथेही तसेच झाले आहे.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला रेल्वेतल्या एका कारकुनाने आपल्या बायकोला या इस्पितळात आणून सोडले. तिचे नाव ऑगस्टे, वय अवघे एक्कावन्न. आधी नवऱ्याविषयी विनाकारण संशय सुरू झाला, मग स्वयंपाकात चुका, वस्तू भलतीकडे लपवून ठेवणे, घरातल्या घरात हरवणे. अल्झायमर दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी बोलायला बसले. नवऱ्याचे नाव विचारले तर तिने स्वतःचेच सांगितले. जेवताना ताटात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते. तिने ते पालक असल्याचे सांगितले. कागदावर नाव लिहायला दिले तर पहिल्या शब्दानंतर पुढे काय लिहायचे तेच तिला आठवेना. आपण स्वतःला हरवून बसलो आहोत, असे काहीसे ती पुन्हा पुन्हा म्हणे. उपदंश नाही आणि वयही म्हातारपणाचे नाही. मग हे काय? तिला ना म्हातारचळ म्हणता येत होते, ना ओळखीच्या दुसऱ्या कोणत्या खणात घालता येत होते.

पुढे अल्झायमर फ्रँकफुर्ट सोडून हायडेलबर्गला आणि १९०३ साली एमिल क्रेपेलिन यांच्याबरोबर म्युनिकला गेले. तेथे बराच काळ त्यांनी पगाराविना काम केले. पत्नीकडून आलेल्या संपत्तीमुळे ते जमले. त्यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशींचे तरुण शिकायला येत. लेवी, क्रॉइट्सफेल्ट, याकोब ही आज आजारांच्या नावांत भेटणारी माणसे त्याच टेबलांवर बसलेली. अमेरिकेहून आलेले सॉलोमन कार्टर फुलर हे गुलामगिरीतून सुटलेल्या आजोबांचे नातू होते. गुरुजी प्रत्येकाच्या सूक्ष्मदर्शकाशी बसून समजावून सांगत. समजावताना पेटवलेली सिगार तिथेच विसरत. संध्याकाळी प्रत्येक टेबलावर एकेक थोटूक सापडे, अशी आठवण सांगितली जाते.

गाव सुटले तरी ऑगस्टेबाई त्यांच्या डोक्यातून गेल्या नव्हत्या. फ्रँकफुर्टहून ते तिची खबर घेत राहिले. ८ एप्रिल १९०६ रोजी ती गेली. शेवटी अंथरुणाला खिळून पाठीला जखमा झाल्या होत्या आणि त्यांचे विष अंगात भिनले होते. सिओलींनी कागदपत्रे आणि मेंदू म्युनिकला पाठवला. चांदीच्या क्षारांनी रंगवण्याची नवी पद्धत तेव्हा नुकतीच आली होती. तिच्यात दिसले ते असे : मेंदू आकसलेला, पेशींच्या आत तंतूंचे गुंते, आणि पेशींच्या मधल्या जागेत कसल्याशा द्रव्याचे बारीक बारीक ठिपके. मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झाल्याचीही नोंद त्यांनी केली.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे सगळे मांडले. कोणी एक प्रश्न विचारला नाही. सभा पुढच्या विषयाकडे वळली. प्रागमध्ये ऑस्कर फिशर यांनी १९०७ साली वृद्धांच्या मेंदूंत तसेच ठिपके दाखवले. त्यांना मिळायला हवे तेवढे श्रेय मिळाले नाही. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या दुखण्याला अल्झायमरचे नाव देऊन टाकले. खुद्द अल्झायमर मात्र साशंक होते. १९११ च्या निबंधात हा खरोखर वेगळा आजार आहे की म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाचेच लवकर आलेले रूप, हा प्रश्न त्यांनी उघडा ठेवला.

१९१२ साली ब्रेस्लाऊ विद्यापीठाने (हे शहर आता पोलंडमध्ये आहे) त्यांना प्राध्यापकपद दिले. रुजू व्हायला जातानाच आगगाडीत आजारी पडले. घशाच्या संसर्गाने हृदय धरले, पुढे मूत्रपिंडे गेली. १९ डिसेंबर १९१५ रोजी, एक्कावन्नाव्या वर्षी, ते वारले. ऑगस्टेबाई इस्पितळात आल्या तेव्हा त्यांचे वय तेवढेच होते. फ्रँकफुर्टला सेसिलींच्या शेजारी त्यांचे दफन झाले.

त्यांनी अभ्यासलेल्या तीन दुखण्यांचे पुढे तीन तऱ्हेने झाले. उपदंशाचा जंतू १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूतच पकडला, पेनिसिलिन आले आणि इस्पितळातला तो गट जवळजवळ नाहीसा झाला. तंतूंच्या गुंत्यावर अजून पुरता इलाज नाही. तिसरे, रक्तवाहिन्यांचे, आपल्या घरात बसून आहे. वृद्धांच्या मेंदूंचे शवविच्छेदन केले तर पुष्कळदा ठिपके-गुंते आणि बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान दोन्ही एकत्र सापडतात. अमेरिकेतल्या जोगिणींच्या मेंदूंच्या १९९७ सालच्या अभ्यासात आढळले की ठिपके-गुंते असूनही ज्यांच्या मेंदूत लहान रक्तवाहिन्यांचे झटके येऊन गेले नव्हते, त्यांच्यात बुद्धिभ्रंश पुष्कळच कमी होता. रक्तदाबाच्या ९,३६१ रुग्णांच्या चाचणीत वरचा दाब १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्यांत स्मृती-आकलनातली सुरुवातीची घट कमी दिसली. हे निष्कर्ष २०१९ चे. आपल्या देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज आहे. साखर आणि दाबाच्या गोळ्या हृदयासाठी आणि मूत्रपिंडांसाठी, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. गोळी चुकवताना आजोबांना कोणी मेंदूचा धाक घालत नाही.

ऑगस्टेबाईंची निळ्या पुठ्ठ्याची फाइल बरीच वर्षे बेपत्ता होती. १९९५ च्या डिसेंबरात फ्रँकफुर्टच्या दप्तरात ती सापडली : प्रवेशाची नोंद, अल्झायमर यांच्या हाताने टिपलेली प्रश्नोत्तरे, तिचा फोटो आणि तिने लिहिण्याचा प्रयत्न केलेले नाव. थोड्याच काळात म्युनिकच्या तळघरात तिच्या मेंदूच्या काचपट्ट्याही मिळाल्या, अडीचशेहून अधिक. रंग अजून उडाले नव्हते. त्या नव्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, तेव्हा त्यांनी लिहून ठेवलेले ठिपके आणि गुंते जागच्या जागी होते.