घरच्या ओतशाळेतील आगबोट

भिवंडीत यंत्रमागाचा आवाज ऐकला नाही असे मूल सापडणे कठीण. मागाच्या बाजूला एक जड लोखंडी चाक फिरताना तुम्ही पाहिले असेल. माग बिघडला की जॉबर येतो. तो आधी वीज बंद करतो, मग ते चाक हाताने थोडे पुढे, थोडे मागे फिरवून दोष कोठे आहे ते शोधतो. गरज पडली तर यंत्र उघडतो आणि पुन्हा जोडतो. हे काम तो पुस्तकातून शिकलेला नसतो. उस्तादाच्या हाताखाली राहून शिकलेला असतो. यंत्र उघडून पाहण्याची अशीच ओढ असलेला एक तरुण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या माझगाव भागात राहत होता. त्याचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी एका पारशी घराण्यात झाला. जहाजे बांधणारा तो वाडिया. या घराण्यातील लवजी नसरवानजी हे सुतारकामात निपुण होते. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये त्यांना सुरतेहून मुंबईला आणले. तेव्हापासून मुंबईच्या गोदीत या घराण्याचे वर्चस्व होते. त्यांनी सागवानी लाकडाची बांधलेली जहाजे इतकी टिकाऊ होती, की १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेले आहे.

अर्देशीर लहान वयातच गोदीत काम शिकू लागले. लाकूड कसे निवडावे, फळीला बाक कसा द्यावा, सांध्यातून पाणी येऊ नये म्हणून काय करावे, हे सारे ज्ञान घरातच होते. पण त्यांचे मन लाकडापेक्षा लोखंडात अधिक रमत असे. त्या काळी समुद्रावर एक नवी वस्तू आली होती. वाफेच्या जोरावर चालणाऱ्या जहाजाला लोक आगबोट म्हणू लागले होते. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये मुंबईहून सुवेझपर्यंत गेली. जहाजाचा सांगाडा मुंबईच्या कारागिरांनी उभा केला होता. इंजिन मात्र इंग्लंडहून आले होते. लाकडाचे काम आपले आणि इंजिनाचे काम साहेबांचे, अशी जणू वाटणीच झाली होती. ही वाटणी अर्देशीर यांना मान्य नव्हती.

त्यांनी आपल्या घरीच एक छोटे वाफेचे इंजिन तयार केले. त्याची शक्ती होती फक्त एका घोड्याची. आज आपल्याला हे फार थोडे वाटेल. घरातील पाण्याच्या पंपालाही कित्येकदा तेवढी शक्ती असते. पण शिकवायला कोणी नसताना, हाताखाली फक्त देशी लोहार आणि सुतार असताना, वाफ गळू न देणारा नळा आणि त्यात सरकणारा दट्ट्या तयार करणे ही सोपी गोष्ट नव्हती.

येथे त्या जड चाकाविषयी थोडे सांगायला हवे. त्याला फ्लायव्हील म्हणतात. इंजिनातील दट्ट्या नळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. दोन्ही टोकांना तो क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याचा जोर धुऱ्याला फिरवू शकत नाही. धुऱ्यावर जड चाक बसवलेले असेल, तर ते आपल्या वेगाने धुऱ्याला पुढे नेते आणि इंजिन अडत नाही. चाक धुऱ्यावर घसरू नये म्हणून दोघांनाही खाच पाडतात आणि त्या खाचेत लोखंडाचा लहानसा तुकडा बसवतात. कारागीर त्याला चावी म्हणतात. चावी बोटाएवढीही नसते, पण ती सैल झाली की चाक डुगडुगते आणि सारे यंत्र खिळखिळे होते.

खाडीत होडीच्या मागे टांगलेले छोटे इंजिन तुम्ही पाहिले असेल. त्याच्या टोपणाखालीही असेच चाक असते आणि त्यात लोहचुंबक बसवलेले असतात. हे चाक फिरले की वीज तयार होऊन ठिणगी पडते. ते काढायचे असेल, तर जाणता माणूस आधी ठिणगीच्या प्लगची तार काढून ठेवतो, म्हणजे इंजिन चुकून सुरू होत नाही. मधला नट तो सैल करतो, पण लगेच पूर्ण काढत नाही; दोन-तीन आटे राहू देतो. मग पुलर लावून चाक हळूहळू ओढतो. चाक एकदम सुटले, तरी नटामुळे ते उडत नाही. चाकाच्या कडेवर हातोडा मारणारा माणूस कच्चा समजावा, कारण त्याने लोहचुंबक फुटतात. चाक परत बसवताना धुऱ्याचे निमुळते टोक पुसून कोरडे करतात. तेथे तेल लावत नाहीत. चावी खाचेत नीट बसली आहे हे पाहून मगच नट आवळतात, आणि तोही इंजिन बनवणाऱ्याने सांगितला असेल तेवढाच. नट सैल राहिला तर सारा भार चावीवर येतो. चावी तुटली तर ठिणगी भलत्याच वेळी पडते. मग इंजिनाची दोरी कितीही ओढली, तरी ते सुरू होत नाही.

अर्देशीर यांच्या काळी ठिणगी नव्हती. कोळसा, पाणी आणि वाफ होती. सुटे भाग बाजारात मिळत नसत. एखादा भाग मोडला तर त्याचा लाकडी नमुना करायचा, मातीचा साचा घ्यायचा आणि लोखंड वितळवून तो पुन्हा ओतायचा, एवढाच मार्ग होता.

१८३३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी ‘इंडस’ नावाचे साठ टनांचे जहाज बांधले आणि देशी कारागिरांच्या मदतीने त्यात वाफेचे इंजिन बसवले. बोरीबंदर ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली प्रवासी रेल्वे १८५३ मध्ये धावली. म्हणजे ही गोष्ट त्याच्या वीस वर्षे आधीची. पुढच्याच वर्षी त्यांनी माझगावातील आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. तो प्रकाश पाहायला खुद्द मुंबईचे गव्हर्नर आले होते. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायला मात्र १८६५ साल उजाडावे लागले.

घरी जे शिकता आले ते शिकून झाले होते. मोठी इंजिने जेथे तयार होतात तेथे जाऊन ती पाहावीत, असे अर्देशीर यांना वाटू लागले. १८३९ मध्ये ते स्वतःच्या खर्चाने इंग्लंडला निघाले. सुवेझचा कालवा तेव्हा नव्हता. मुंबईहून सुवेझपर्यंत आगबोट, तेथून वाळवंट ओलांडून कैरो, नाईल नदीच्या वाटेने अलेक्झांड्रिया आणि मग पुन्हा समुद्र, असा तो मार्ग होता. इंग्लंडमध्ये त्यांनी गोद्या आणि इंजिनांचे कारखाने बारकाईने पाहिले. या प्रवासाची त्यांनी लिहिलेली रोजनिशी १८४० मध्ये लंडनमध्ये छापली गेली.

२७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य म्हणून निवडले. जगातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांची ही संस्था. हा मान मिळवणारे अर्देशीर हे पहिले भारतीय होते. दुसरे भारतीय म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन. त्यांची निवड १९१८ मध्ये झाली. मधल्या सत्त्याहत्तर वर्षांत एकाही भारतीयाला हा मान मिळाला नाही.

त्याच वर्षी मुंबईत कंपनीच्या वाफेच्या यंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे देशी कारागिरांबरोबर अनेक गोरे कामगारही होते, आणि त्या सर्वांवर आता एक भारतीय माणूस हुकूम देणार होता. ही गोष्ट मुंबईतील अनेक इंग्रजांना रुचली नाही. देशी माणूस कितीही हुशार असला तरी गोऱ्यांवर अधिकार चालवण्यास तो योग्य नाही, अशी टीका एका इंग्रजी वृत्तपत्राने केली. अर्देशीर यांनी वाद घालण्यापेक्षा काम करून दाखवले आणि हे पद सोळा वर्षे सांभाळले.

दिवसभर कंपनीच्या कारखान्यात काम करूनही त्यांचा घरचा उद्योग सुटला नव्हता. माझगावच्या घरी त्यांची स्वतःची ओतशाळा होती. १८५१ मध्ये त्यांनी ऐंशी टनांची एक आगबोट पाण्यात सोडली आणि तिला आपल्या पूर्वजाच्या नावावरून ‘लवजी फॅमिली’ असे नाव दिले. या आगबोटीच्या इंजिनाचे सारे भाग त्यांनी याच ओतशाळेत ओतले होते. एका घोड्याच्या शक्तीच्या त्या पहिल्या इंजिनापासून येथवर येण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली. सदस्यत्वाचा मान मोठा खरा, पण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत आनंदाचा दिवस कदाचित हाच असेल.

मधल्या काळात, १८४९ मध्ये, ते अमेरिकेलाही जाऊन आले. शिलाई यंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची कृती मुंबईकरांना दाखवणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. नवे काही दिसले की ते घरी आणावे आणि कसे चालते ते स्वतः पाहावे, हा त्यांचा स्वभावच होता.

१८५७ मध्ये ते नोकरीतून निवृत्त झाले आणि पुढे इंग्लंडला गेले. पण १८६१ मध्ये त्यांना पुन्हा बोलावणे आले. सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवर आगबोटी चालवणाऱ्या कंपनीला अनुभवी अभियंता हवा होता. सिंधू नदीचेच इंग्रजी नाव इंडस. तरुणपणी ज्या नदीचे नाव त्यांनी आपल्या पहिल्या जहाजाला दिले होते, त्याच नदीवरच्या आगबोटींची इंजिने त्यांनी उतारवयात दोन वर्षे सांभाळली.

१८६३ मध्ये ते काम सोडून ते इंग्लंडला परतले. लंडनजवळच्या रिचमंड येथे १६ नोव्हेंबर १८७७ रोजी त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक टपाल तिकीट काढले.