दंगलीत उतरलेला संपादक
पैशांअभावी कॉलेज सुटलं, पण नावापुढचं ‘विद्यार्थी’ कायम राहिलं. गणेश शंकर विद्यार्थींनी १९१३मध्ये कानपुरात ‘प्रताप’ हे हिंदी साप्ताहिक काढलं. शेतकरी-मजुरांची बाजू घेतली, तुरुंगवास भोगला. भगतसिंगही काही काळ नाव बदलून तिथे काम करत. धर्माच्या आडून माथी भडकवणाऱ्यांवर विद्यार्थींनी सडकून लिहिलं.

२३ मार्च १९३१ला भगतसिंगांना फाशी झाली. निषेधाचा बंद पाळण्यावरून कानपुरात हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. विद्यार्थी घरी बसले नाहीत. हिंदू वस्तीतल्या मुस्लिमांना, मुस्लिम वस्तीतल्या हिंदूंना बाहेर काढत राहिले. २५ मार्चला जमावाने त्यांनाच ठार केलं. वय अवघं ४०. वाचवताना त्यांनी कुणाचाच धर्म विचारला नव्हता.