शमीचा कैवारी : श्रीजांभोजी

विजयादशमीस आपण शमी पूजितो. मारवाडच्या वाळवंटात हिलाच खेजडी म्हणतात, आणि तेथे ती साक्षात अन्नपूर्णा होय. तिची मुळे खोल पाण्यापर्यंत जातात. पाला गुरांस चारा होतो, शेंगांची भाजी होते, सावलीत बाजरी पिकते.

हे मर्म जाणणारे सत्पुरुष म्हणजे श्रीजांभोजी. नागौर प्रांतातील पीपासर गावी, १४५१ साली गोकुळाष्टमीस ते जन्मले. तारुण्यात त्यांनी गाई राखल्या. पुढे दुष्काळाने लोक देशोधडीस लागले असता, १४८५ मध्ये समराथळच्या वाळूच्या टेकडीवर २९ नियम घालून त्यांनी बिश्नोई पंथ स्थापिला. हिरवे झाड तोडू नये, हा त्यांतलाच एक नियम. १५३६ मध्ये त्यांनी देह ठेवला. बिकानेरकडील मुकाम येथे त्यांची समाधी आहे.

नियम मात्र जिवंत राहिला. १७३० मध्ये जोधपूर दरबारची माणसे खेजडली गावी वृक्ष तोडण्यास आली, तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिश्नोईंनी वृक्षांस कवटाळून प्राण वेचले.

पूजेसाठी शमीच्या फांद्या ओरबाडलेल्या दिसल्या, की आम्हांस या बलिदानाचे स्मरण होते. यंदा वृक्षापाशी जाऊन, त्यास पाणी घालून पूजन करावे, एवढीच आमची भाविकांस प्रार्थना आहे.