गृहस्थाश्रमातील सातगौंडा

चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागरजी महाराज यांचा जन्म १८७२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील भोजजवळच्या येळगुळ गावी झाला. वडील भीमगौंडा पाटील, आई सत्यवती. पूर्वाश्रमीचे नाव सातगौंडा. घरची शेती होती. राखण करताना ते कणसांवरील पाखरे उडवीत नसत. उलट उन्हाने तहानलेल्या त्या जीवांसाठी शेतात पाणी भरून ठेवीत. राखणदाराची ही तऱ्हा शेजाऱ्यांना कशी पटावी! दीक्षेची ओढ तरुणपणीच लागली होती. परंतु आईवडील असेपर्यंत घर सोडू नये, ही वडिलांची इच्छा त्यांनी मोडली नाही. दोघांच्या निधनानंतर, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी क्षुल्लक दीक्षा घेतली. १९२० मध्ये यरनाळ येथे मुनिदीक्षा झाली. १८ सप्टेंबर १९५५ रोजी आपल्या मराठवाड्यातील कुंथलगिरी सिद्धक्षेत्री त्यांनी सल्लेखनापूर्वक देह ठेवला.